एका रणगाड्याविरुद्ध अख्खी फौज: 'ओगर' हा खेळ चालतो कसा

पटाच्या एका टोकाला एकच सोंगटी. दुसऱ्या बाजूला बारा चिलखती वाहनं, पायदळाच्या वीस तुकड्या आणि या सगळ्यांच्या मागे एक लहानसं नियंत्रण केंद्र. एकट्या सोंगटीने ही फळी फोडून ते केंद्र उडवायचं आणि जमल्यास आल्या वाटेने परत जायचं. बाकीच्यांनी मिळून तिला रोखायचं. १९७७ मध्ये अमेरिकेत निघालेल्या 'ओगर' या खेळाची मांडणी एवढीच आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही लोक तो आवडीने खेळतात. त्यात एवढं काय आहे, हे नियम नुसते वाचून लक्षात येत नाही. नियमांमागची आकडेमोड उलगडली की लख्ख दिसतं. म्हणून हा लेख थोडा आकड्यांचा आहे. आकडे सगळे लहान आहेत, गुणाकार-भागाकाराच्या पुढे जावं लागणार नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. वॉरगेम म्हणजे पटावर खेळायची लढाई. बुद्धिबळात सोंगटीवर चाल केली की ती मेलीच. वॉरगेममध्ये प्रत्येक सोंगटीला मारा, पल्ला, बचाव आणि वेग असे आकडे असतात, आणि माऱ्याचा निकाल फाशावर ठरतो. पट बहुधा षटकोनी घरांचा असतो. चौकोनी घरांवर तिरकं गेलं की प्रत्यक्ष अंतर जास्त कापलं जातं, पण मोजताना ते एकच घर धरलं जातं. षटकोनाला सहा शेजारी असतात आणि सहाही सारख्याच अंतरावर, त्यामुळे पल्ला आणि वेग मोजताना कुठल्याच दिशेला फुकटचा फायदा मिळत नाही.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत अशा खेळांची मोठी लाट होती, पण खेळ अवजड होते. मोठे नकाशे, शेकडो सोंगट्या, जाडजूड नियमपुस्तिका. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातल्या मेटागेमिंग या छोट्या प्रकाशनसंस्थेचे हॉवर्ड थॉम्पसन यांनी उलटा विचार केला. खेळ खिशात मावावा, स्वस्त असावा आणि एका बैठकीत संपावा. या 'मायक्रोगेम' मालिकेतला पहिला खेळ म्हणजे 'ओगर'. किंमत २.९५ डॉलर. आत एक बारीक पुस्तिका, कागदी नकाशा आणि पुठ्ठ्याच्या छोट्या सोंगट्या. रचनाकार होते स्टीव्ह जॅक्सन. (याच नावाचे एक ब्रिटिश खेळ-रचनाकारही प्रसिद्ध आहेत. ते वेगळे.) विंचेल चुंग यांनी त्या अजस्र यंत्राची चित्रं काढली आणि बुरुजावर बुरुज चढवलेला तो आकार पुढे खेळाची ओळखच बनला.

गोष्ट एकविसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, साधारण २०८५ च्या आसपासची. उत्तर अमेरिकेचं 'कंबाइन' आणि युरोपातलं 'पॅनयुरोपियन फेडरेशन' यांच्यात युद्ध पेटलेलं आहे. चिलखतासाठी इतका कठीण पदार्थ सापडला आहे की साध्या तोफगोळ्याचा त्याच्यावर परिणामच होत नाही, त्यामुळे रणांगणावरचे गोळेही अणुस्फोटाचे झाले आहेत. शिपाई स्वतःच चिलखतबंद यांत्रिक पोशाखात लढतात. आणि या सगळ्यांवर वरचढ आहे ओगर. आत एकही माणूस नसलेला, स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेणारा महाकाय रणगाडा. पटावरचं एक घर म्हणजे दीड किलोमीटर आणि एक फेरी म्हणजे चार मिनिटं. ओगर एका फेरीत तीन घरं जातो, म्हणजे ताशी साडेसदुसष्ट किलोमीटर. पुढचे सगळे आकडे वाचताना हा वेग डोळ्यांसमोर ठेवा.

आता खेळाच्या गाभ्याकडे येऊ.

एकाविरुद्ध अनेक, ही कल्पना आपल्याला नवी नाही. वाघ-बकरीच्या पटावर मूठभर वाघ आणि पुष्कळ बकऱ्या असतात. वाघ बकऱ्या खातात, बकऱ्या वाघांना कोंडतात. पण तिथला वाघ कोंडला जाईपर्यंत पहिल्या चालीइतकाच जबरदस्त असतो. ओगर तसा नाही. तो झिजतो. त्याच्यासाठी वेगळा कागद असतो, त्यावर त्याचं एकेक शस्त्र आणि एकेक पट्टा (रणगाडा ज्यांच्यावर धावतो ते साखळीसारखे पट्टे) चौकोनांनी मांडलेला असतो आणि लढाई पुढे सरकते तसे हे चौकोन खोडले जातात. 'ओगर मेला' असा एक क्षण सहसा येतच नाही. एक तोफ जाते, मग दुसरी, मग वेग मंदावतो. मला या खेळातली सगळ्यात सुंदर कल्पना हीच वाटते, कारण पुढचे सगळे पेच तिच्यातूनच निघतात.

मार्क थ्री हा नेहमीचा ओगर घेऊ. त्याच्याकडे एक मुख्य तोफ आहे (मारा ४, पल्ला ३, बचाव ४), चार दुय्यम तोफा आहेत (मारा ३, पल्ला २, बचाव ३), आठ लहान बंदुका आहेत ज्या फक्त पायदळावर आणि नियंत्रण केंद्रावर चालतात, आणि दोन क्षेपणास्त्रं आहेत (मारा ६, पल्ला ५, बचाव ३), ती प्रत्येकी एकदाच डागता येतात. शिवाय पट्ट्यांचे ४५ चौकोन. त्यातले १५ गेले की वेग तीनवरून दोनवर येतो, ३० गेले की एकवर, आणि ४५ गेले की ओगर जागेवर खिळतो.

समोरच्याला बारा चिलखती वाहनं निवडायची मुभा असते. जड रणगाड्याचा मारा ४, पल्ला २, बचाव ३, वेग ३. क्षेपणास्त्र रणगाड्याचा मारा ३ पण पल्ला ४. तो हळू आणि नाजूक. हॉवित्झर तोफेचा मारा ६ आणि पल्ला तब्बल ८, पण ती जागची हलत नाही, तिचा बचाव फक्त १ आहे आणि ती दोन वाहनांच्या बरोबरीची धरली जाते. चौथी जीईव्ही, म्हणजे हवेच्या गादीवर तरंगत पळणारं हॉवरक्राफ्ट: मारा २, पल्ला २, बचाव २. तिची खुबी वेगळीच आहे. ती चार घरं पळते, गोळा झाडते आणि त्याच फेरीत पुन्हा तीन घरं पळते. पायदळाच्या प्रत्येक तुकडीचा मारा १ आणि पल्ला १, पण तीन तुकड्या एकत्र चालू शकतात.

मारा कसा ठरतो? हल्ल्याचा आकडा भागिले बचावाचा आकडा, आणि उरलेला अपूर्णांक नेहमी बचाव करणाऱ्याच्या बाजूने सोडायचा. सहाचा मारा चारच्या बचावावर म्हणजे दीडास एक, तो धरायचा एकास एक. एकास एकमध्ये फाशावर ५ किंवा ६ पडला तर लक्ष्य नष्ट, ३ किंवा ४ पडला तर ते वाहन एक फेरी ठप्प, नाहीतर काहीच नाही. दोनास एक असेल तर ४ पासून पुढे नष्ट, तीनास एकला ३ पासून, चारास एकला २ पासून. पाचास एक झालं की फासा टाकायचीही गरज नाही. उलट माऱ्यापेक्षा बचाव दुप्पट असेल तर फक्त ६ पडल्यावरच लक्ष्य नष्ट होतं.

ओगरसाठी दोन खास नियम आहेत. पहिला, 'ठप्प' हा निकाल त्याला लागूच होत नाही. त्याचं शस्त्र एकतर जातं किंवा शाबूत राहतं. दुसरा नियम नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. पट्ट्यांवर मारा केला तर प्रमाण नेहमी एकास एकच धरायचं, मारा कितीही मोठा असो. आणि लागला तर माऱ्याच्या आकड्याइतके पट्टे जातात. अनेकांचा मारा एकत्र करून प्रमाण वाढवण्याची सोय इथे नाही, प्रत्येकाने आपापला फासा टाकायचा.

म्हणजे पट्ट्यांवरचा प्रत्येक गोळा लागण्याची शक्यता तीनात एक. सरासरीने पाहिलं तर तीन मारा-गुण (म्हणजे झाडलेल्या गोळ्यांच्या माऱ्याच्या आकड्यांची बेरीज) खर्च केले की एक पट्टा जातो. वेग एका पायरीने उतरवायला १५ पट्टे पाडायचे, म्हणजे ४५ गुण. ओगरला पुरता खिळवायला १३५ गुण.

आता शस्त्रांचं गणित मांडू. दुय्यम तोफेचा बचाव ३. तीन गुणांचा मारा केला तर एकास एक, लागण्याची शक्यता तीनात एक, म्हणजे एक तोफ पाडायला सरासरी ९ गुण. चार तोफांना ३६. मुख्य तोफेवर चार गुणांचा मारा, तोही एकास एक, सरासरी १२. एकूण ४८.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. ओगरचा वेग एका पायरीने कमी करायला ४५ गुण लागतात आणि त्याच्या पाचही तोफा उतरवायला ४८. रचनाकाराने तराजूची दोन पारडी जवळपास समान केली आहेत, आणि बचाव करणाऱ्याला प्रत्येक फेरीत, प्रत्येक गोळ्यागणिक विचारलं आहे: तोफा की पट्टे?

उत्तर सोपं नाही. तोफा गेल्या तर तुमची माणसं आणि वाहनं वाचतात, पण निःशस्त्र ओगरही केंद्रापर्यंत नुसता चालत जाऊन ते चिरडू शकतो. पट्टे गेले तर केंद्र वाचतं, पण तोवर तोफा तुमची फळी खात राहतात आणि मग उरलेले पट्टे पाडायला पुरेसे गोळेच शिल्लक राहत नाहीत. माझं मत असं की तोफांवरचा मारा तुम्हाला खेळात टिकवतो आणि पट्ट्यांवरचा मारा डाव जिंकून देतो, म्हणून सुरुवात तोफांपासून करावी. पण नेमकं कुठल्या फेरीला पट्ट्यांकडे वळायचं, हे फासे, अंतर आणि उरलेली वाहनं पाहूनच ठरतं. तिथे उशीर झाला की संपलं, आणि घाई झाली तरी संपलं.

मारा एकत्र करायचा की सुटा, हाही वेगळा पेच आहे. दोन हॉवित्झर मुख्य तोफेवर रोखल्या आहेत असं समजा. सुट्या मारल्या तर प्रत्येकीचं प्रमाण एकास एक, आणि दोनपैकी एक तरी लागण्याची शक्यता नवात पाच, म्हणजे सुमारे ५६ टक्के. एकत्र मारल्या तर बारास चार, म्हणजे तीनास एक, सुमारे ६७ टक्के. एकत्र मारणं फायद्याचं. आता दोन जड रणगाडे दुय्यम तोफेवर रोखले तर? सुटे मारले तर पुन्हा ५६ टक्के. एकत्र केले तर आठास तीन, अपूर्णांक सोडून दोनास एक, म्हणजे ५० टक्केच. इथे एकत्र येणं तोट्याचं. पण पायदळाची एक तुकडी जोडली की नवास तीन होतं आणि शक्यता लगेच ६७ टक्क्यांवर जाते. एका गुणाने चित्र पालटतं. म्हणून या खेळात पायदळाच्या एका तुकडीला कधी कमी लेखू नये.

अंतराचं गणित तर याहून देखणं आहे. हॉवित्झरचा पल्ला ८. ओगरचा वेग ३ आणि क्षेपणास्त्राचा पल्ला ५, बेरीज पुन्हा ८. म्हणजे ओगर आठ घरांवर येऊन थांबला तर हॉवित्झर एक गोळा झाडते, पुढच्या फेरीत ओगर तीन घरं पुढे येऊन क्षेपणास्त्र डागतो, आणि सहाच्या माऱ्यापुढे एकचा बचाव म्हणजे हॉवित्झर हमखास गेली. पण क्षेपणास्त्रं दोनच आहेत. ती संपली की मुख्य तोफेची झेप तीन अधिक तीन, सहा घरांचीच उरते, आणि तिसऱ्या हॉवित्झरला उसंत मिळते. ओगरचा वेग दोनवर आला तर हीच झेप पाचांवर येते.

जीईव्हीचंही असंच. ती येते, दोन घरांवरून गोळा मारते आणि तीन घरं मागे पळते, म्हणजे फेरीअखेर ओगरपासून पाच घरांवर असते. धडधाकट ओगर तीन घरं पुढे आला की अंतर दोन उरतं आणि त्याच्या दुय्यम तोफा तिला गाठतात. वेग दोन असेल तर अंतर तीन उरतं, मग फक्त मुख्य तोफ आणि क्षेपणास्त्रं. वेग एकवर आला की चार, आणि आता क्षेपणास्त्रांशिवाय काहीच पोचत नाही. इथून पुढे गनिमी काव्याने लढणाऱ्या जीईव्हींचं राज्य सुरू होतं.

हे गणित किती नाजूक आहे याचा पुरावा खेळाच्या इतिहासातच आहे. पहिल्या आवृत्तीत जीईव्हीची दुसरी चालही चार घरांची होती. तेव्हा ती सहा घरांवर जाऊन थांबायची आणि पूर्ण वेगातल्या ओगरच्याही दुय्यम तोफा तिला गाठू शकत नव्हत्या. नुसत्या जीईव्ही घेऊन बसणारा खेळाडू फार भारी पडू लागला. मग दुसऱ्या आवृत्तीत ती चाल एका घराने कमी करण्यात आली. एका घराने खेळ सावरला.

ओगरच्या बाजूने खेळणंही वाटतं तितकं सोपं नाही. शस्त्रं भरपूर असतात, पण वेळ नसतो. मागे फिरून एका जीईव्हीचा पाठलाग केला तर दोन-तीन फेऱ्या जातात आणि तेवढ्यात बाकीचे पट्टे खात बसतात. पटावर काही विवरं आहेत, त्यांतून कोणीच जाऊ शकत नाही. दगडमातीचे ढिगारेही आहेत, ते फक्त पायदळ आणि ओगर ओलांडू शकतात. चांगला ओगर या ढिगाऱ्यांच्या आधाराने असा रस्ता काढतो की शत्रूचे रणगाडे वळसा घालत बसतात. रणगाड्याला सरळ धडक देऊन चिरडताही येतं, पण प्रत्येक धडकेला एखादा-दुसरा पट्टा जातो. आणि सगळ्यात मोठा प्रश्न शेवटी येतो: केंद्र उडवल्यावर परत निघायला पट्टे पुरतील का? विजयाच्या पायऱ्या आहेत, त्यामुळे केंद्र उडवून तिथेच संपलेला ओगर आणि केंद्र उडवून सुखरूप परतलेला ओगर यांना सारखं श्रेय मिळत नाही.

सवय झाली की मार्क फाइव्ह घ्यावा. दोन मुख्य तोफा, सहा दुय्यम, बारा लहान बंदुका, सहा क्षेपणास्त्रं, साठ पट्टे. समोर वीस वाहनं आणि पायदळाच्या तीस तुकड्या. गणित तेच, पण क्षेपणास्त्रं सहा झाल्यामुळे दूरच्या हॉवित्झरवर विसंबून राहता येत नाही आणि सगळी मांडणी बदलावी लागते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९७८ मध्ये 'जीईव्ही' हा जोडखेळ आला. त्यात जंगलं, गावं, नद्या आल्या आणि दोन्ही बाजूंना साधी फौज मिळाली. जॅक्सन मेटागेमिंगमधून बाहेर पडले आणि १९८० मध्ये ऑस्टिनमध्येच त्यांनी स्टीव्ह जॅक्सन गेम्स ही कंपनी काढली. हक्कांवरून वाद झाला आणि अखेर 'ओगर' त्यांच्याकडे आला. मेटागेमिंग १९८३ मध्ये बंद पडली. १९८६ मध्ये ओरिजिन सिस्टिम्सने संगणकावर 'ओगर' आणला, १९९२ मध्ये धातूच्या लहान प्रतिकृतींनी खेळायची आवृत्ती निघाली. मग २०१२ मध्ये कंपनीने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर एका भव्य आवृत्तीसाठी चाहत्यांकडे वीस हजार डॉलर मागितले. जमले ९,२३,६८० डॉलर. बारा किलोंहून जड अशी ती पेटी पुढच्या वर्षी लोकांच्या हाती पडली, त्यात पुठ्ठ्याचे जोडून उभे करायचे ओगर होते. मला मात्र त्यानंतर काढलेली खिशात मावणारी आवृत्ती जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिची किंमत पुन्हा तीच ठेवली होती, २.९५ डॉलर. एखाद्या विद्यार्थ्याला हा खेळ सहज घेता यावा, ही मूळ इच्छा तिने जपली.

खेळून पाहायचं असेल तर २०१७ मध्ये ऑरोक डिजिटलने काढलेली संगणक-आवृत्ती स्टीम या संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानात आली. पण पहिला डाव शक्यतो समोरासमोर बसून, कागदावर चौकोन खोडतच खेळावा. मार्क थ्री घ्या. बचाव करणाऱ्याने दोन हॉवित्झर (म्हणजे चार वाहनांचा हिशेब), तीन जड रणगाडे, दोन क्षेपणास्त्र रणगाडे आणि तीन जीईव्ही घ्याव्यात. मिसळ असली की प्रत्येक वाहनाचा स्वभाव एकाच डावात कळतो. हॉवित्झर एकमेकींपासून दूर ठेवा, पण दोघींचा पल्ला केंद्रासमोरच्या वाटेवर पडेल अशा. पायदळ पुढे पांगवा, तीन-तीनच्या गटात. डाव संपला की बाजू बदला, तीच फौज, तीच मांडणी ठेवून दुसरा डाव खेळा आणि दोन्ही डावांचे ओगरचे कागद शेजारी ठेवा. कोणी आधी तोफा खोडल्या, कोणी पट्टे, आणि केंद्र कुठल्या फेरीला पडलं, हे त्या दोन कागदांवर दिसेल. तिसऱ्या डावाची फौज त्यावरून निवडा.